महाभय (१७८९) : फ्रान्सची राष्ट्रीय सभा आणि प्रांतांतल्या अफवा

महाभय, फ्रेंचमध्ये ‘ग्रांद पर’, हे नाव १७८९ सालच्या २० जुलैपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत पसरलेल्या भीतीच्या लाटेला दिले जाते. लुटारूंच्या टोळ्या येत आहेत, उभी पिके कापून नेणार आहेत आणि सरदार-उमरावांनीच त्यांना पैसे देऊन धाडले आहे, अशी आवई एका गावातून दुसऱ्या गावात जात राहिली. टोळ्या कुठेच आल्या नाहीत. मात्र त्यांच्या धास्तीने गावे हत्यारबंद झाली, अनेक ठिकाणी जमीनदारांचे वाडे जळाले, आणि व्हर्साय येथे बसलेल्या राष्ट्रीय सभेवर, म्हणजे निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या सभागृहावर, राज्यघटनेचे काम बाजूला ठेवून अफवा खोडून काढण्याची पाळी आली. हे काम सभेने कसे केले आणि ते करताना ती स्वतःही अफवेच्या आहारी कशी गेली, हा महाभयाच्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग आहे.

भीतीला जमीन तयार होती. १३ जुलै १७८८ च्या गारपिटीने मोठ्या पट्ट्यातले पीक झोडपले, त्यामागून कडक हिवाळा आला आणि १७८९ च्या उन्हाळ्यात पावाचे भाव शिगेला पोचले. काम आणि भाकरी शोधत फिरणाऱ्यांचे जथे रस्त्यांवर दिसत होते. शेतात धान्य पिकून उभे होते. अशा वेळी ११ जुलैला राजाने लोकप्रिय अर्थमंत्री नेकेर यांना काढून टाकले आणि १४ जुलैला पॅरिसमध्ये बास्तीय हा तुरुंग-किल्ला पडला. या बातम्या प्रांतांत पोचल्या त्या तुकड्यातुकड्यांनी, टपालगाडीच्या सारथ्याकडून, फेरीवाल्याकडून, प्रतिनिधींनी आपल्या मतदारांना लिहिलेल्या पत्रांतून. छापील बातमी मिळणे किती दुर्मीळ होते हे तेव्हा फ्रान्समध्ये फिरणाऱ्या आर्थर यंग या इंग्रज शेतीतज्ज्ञाने नोंदवले आहे. मूलाँ गावातल्या सर्वांत चांगल्या कॉफीगृहात वीसेक मेजे मांडलेली होती, पण वर्तमानपत्र एकही नव्हते. त्याआधी कोल्मार येथे खानावळीत जेवताना त्याच्या कानावर आले होते की राणीचा घातपाताचा कट उघडकीस आला आहे. ही गोष्ट तिथली माणसे ठाम खात्रीने सांगत होती.

भीती उठत कशी असे, याचे शाम्पान्य प्रांतातले उदाहरण पाहण्यासारखे आहे. २४ जुलैला रोमियी गावाच्या दक्षिणेला लुटारू रानात शिरताना दिसले म्हणून चर्चची घंटा वाजू लागली. धोक्याची ही घंटा थांबत नाही. ती ऐकून शेजारचे गाव आपली घंटा वाजवते. सुमारे तीन हजार माणसे जमली आणि रानावर चालून गेली. रानात सापडला तो जनावरांचा कळप. हा उलगडा झाला तोवर बातमी मात्र कितीतरी पुढे निघून गेलेली होती. इतिहासकार झॉर्झ लफेव्र यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या लाटेच्या वाटा नकाशावर मांडल्या. मोजक्या पाच-सहा ठिकाणी उठलेली हूल माणसाच्या चालीने, ताशी साधारण ४ किलोमीटर, शेकडो किलोमीटर गेली असे त्यांनी दाखवले. ब्रिटनी आणि अल्सास यांसारखे काही प्रदेश बहुतांशी कोरडे राहिले. लुटारू न दिसल्यावर हत्यारे घेऊन जमलेली माणसे कित्येक ठिकाणी घरी परतली. काही ठिकाणी मात्र ती वाड्यांकडे वळली, वेठ, खंड आणि हक्कांची दप्तरे मागू लागली आणि अंगणात ती जाळू लागली. यातल्या कोणी कोणी ‘राजाचा हुकूम’ म्हणून कागदही दाखवत होते.

सभेने पहिले पाऊल लाट पूर्ण उसळण्याआधीच उचलले होते. प्रतिनिधी लाली-तोलँदाल यांनी २० जुलैला शांततेचे आवाहन काढण्याचा ठराव मांडला. रोबेस्पिएर यांनी त्याला विरोध केला. लोकांनी स्वातंत्र्यासाठी केलेल्या उठावाला दंगल म्हणू नये, असे त्यांचे म्हणणे होते. दरम्यान २२ जुलैला पॅरिसच्या जमावाने फुलाँ आणि बर्तिए या सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले. दुसऱ्या दिवशी सभेने सौम्य केलेले आवाहन मंजूर केले. अविश्वासू अधिकाऱ्यांना कायद्याने शासन होईल, लोकांनी तोवर शांत राहावे, असा त्याचा आशय. प्रांतांत त्याचा उपयोग फारसा झाला नाही.

याच सुमारास सभा स्वतः एका अफवेत अडकली. फ्राँश-काँते प्रांतात वझूलजवळ केंसे नावाचा वाडा आहे. १९ जुलै, रविवार. पॅरिसच्या बातमीचा आनंद म्हणून वाड्यावर लोकांना दारू पाजली जात होती. मालक मेस्मे त्या रात्री तिथे नव्हता. मध्यरात्रीच्या सुमारास ठेवणीतल्या दारूगोळ्याच्या पिंपाचा स्फोट झाला आणि काही माणसे मेली. कोणीतरी उजेड घेऊन पिंपाजवळ गेले असावे. पण सकाळपर्यंत गोष्ट ठरून गेली की उमरावाने गरिबांना मेजवानीला बोलावून सुरुंगाने उडवले. वाडा जळाला आणि आसपासचे वाडे व मठही लुटले गेले. २५ जुलैला हा वृत्तांत सभेत वाचला गेला तेव्हा प्रतिनिधींनी तो खरा मानला आणि गुन्हेगारांचा शोध घेऊन शासन करावे, अशी राजाला विनंती करण्याचे ठरवले. सभागृहाने शिक्का मारल्यावर ती बातमी अफवा राहिलीच नाही. मला हा क्षण या साऱ्या प्रकरणातला सर्वांत दुःखद वाटतो, कारण सभेत बुद्धिमान वकील आणि न्यायाधीश डझनावारी होते आणि पुरावा मागायला त्यांना कोणी अडवले नव्हते.

दोनच दिवसांनी असाच प्रकार उलट्या बाजूने घडला. उमराव ब्रेस्ट बंदर इंग्रजांच्या हवाली करणार, अशी कुजबुज होती. इंग्रज राजदूत ड्यूक ऑफ डॉर्सेट यांनी २६ जुलैला परराष्ट्रमंत्री मोंमोरँ यांना खुलाशाचे पत्र लिहिले आणि २७ तारखेला ते सभेत वाचले गेले. इंग्लंडचा काही हात नाही हे सांगताना राजदूतांनी लिहिले की जूनमध्ये काहींनी त्यांच्याकडे असा प्रस्ताव खरोखरच आणला होता, आणि आपण तो तेव्हाच फ्रेंच सरकारला कळवला होता. इन्काराने संशय मिटायचा तो पक्का झाला. २८ जुलैला सभेने कटांच्या तपासासाठी एक समिती नेमली.

३ ऑगस्टला प्रांतांतून आलेल्या पत्रांचा गोषवारा सभेपुढे आला. वाडे जळत आहेत, कर आणि जमीनदारांची देणी कोणी भरत नाही, न्यायालये बंद आहेत, असे त्यात होते. ४ ऑगस्टच्या संध्याकाळी तार्जे यांनी जुने कायदे अजून लागू आहेत आणि देणी भरलीच पाहिजेत, असा जाहीरनाम्याचा मसुदा वाचला. त्यावर व्हिकोंत द नोआय उठले. लोकांनी मागितले ते देणी हलकी करणे, आणि ते मिळाल्याशिवाय शांतता येणार नाही, असे त्यांनी सुचवले. ड्यूक देग्यियाँ यांनी त्यांना पाठिंबा दिला. पहाटे दोनपर्यंत सरदार, धर्माधिकारी आणि शहरे आपापले विशेषाधिकार सोडत राहिली. ११ ऑगस्टला पक्का झालेला ठराव ‘राष्ट्रीय सभा सरंजामशाही पूर्णपणे नष्ट करते’ या वाक्याने सुरू होतो. पुढच्या कलमांत मात्र जमिनीवरची बरीचशी देणी मोबदला देऊनच सुटतील असे होते. खेड्यांनी पहिले वाक्य ऐकले आणि देणी संपली असे धरले. त्यात शेतकऱ्यांचा दोष काढता येत नाही; सभेने ते वाक्य तसेच लिहिले होते.

अफवांविषयीचा सभेचा सर्वांत थेट दस्तऐवज म्हणजे १० ऑगस्ट १७८९ चा हुकूम. लुटारूंचे हल्ले झालेच नव्हते, अशी स्पष्ट कबुली त्यात आहे. पण त्याच वाक्यात राष्ट्राच्या शत्रूंनी जवळजवळ एकाच दिवशी सगळ्या प्रांतांत खोटी भीती पेरली, असेही म्हटले आहे. म्हणजे लुटारू खोटे, पण त्यांना धाडणारे खरे! मूळ गोष्टीचा अर्धा भाग सभेने मोडला आणि उरलेला अर्धा सरकारी भाषेत पुन्हा लिहून गावोगाव पाठवला. उपाय मात्र कामाचे होते. नगरपालिकांनी शांततेवर लक्ष ठेवावे, त्यांच्या मागणीवरून राष्ट्रीय रक्षकदल आणि घोडेस्वार पोलीस यांनी मदत करावी, पकडलेल्यांना न्यायालयापुढे न्यावे, सैन्याने राष्ट्राशी आणि राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी. आणि गावच्या पाद्रीने हा हुकूम चर्चमध्ये जमलेल्या लोकांना वाचून दाखवावा. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे रविवारची प्रार्थना पोचते, हे सभेने अचूक ओळखले होते. अडचण भाषेची होती. दक्षिणेत आणि ब्रिटनीत अनेकांना फ्रेंच येत नव्हते. ठरावांची स्थानिक भाषांत भाषांतरे करण्याचा निर्णय १४ जानेवारी १७९० रोजी झाला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर लाट ओसरली. कापणीचे दिवस, रक्षकदले, काही ठिकाणची कठोर फाशी आणि ४ ऑगस्टची बातमी, या सगळ्यांचा त्यात वाटा होता. पण १७९० च्या हिवाळ्यात केर्सी आणि पेरिगॉर या भागांत पुन्हा उठाव झाले आणि खोटे हुकूमनामे पुन्हा निघाले. या वेळी सभेने जुनी चूक बरीच टाळली. ११ फेब्रुवारीला तालेराँ यांनी लिहिलेले फ्रेंच जनतेला उद्देशून निवेदन मंजूर झाले. सभेने काय केले, काय केले नाही, आणि तिच्यावरचे आक्षेप कोणते, हे त्यात एकेक करून मांडले आहे. २३ फेब्रुवारीच्या हुकुमाने ठरवले की विहित पद्धतीने न आलेला कोणताही कागद राजाचा वा सभेचा म्हणून दाखवणाऱ्याला शिक्षा होईल, आणि खरे ठराव प्रत्येक नगरपालिकेला पाठवून भिंतीवर लावले जातील, चर्चमध्ये वाचले जातील. खरा कागद ओळखायची खूण गावाच्या हातात देणारा हा नियम मला १० ऑगस्टच्या हुकुमापेक्षा कितीतरी शहाणा वाटतो.

भीती कोणी मुद्दाम पेरली, हा वाद पुढे शंभराहून अधिक वर्षे चालला. क्रांतिवाद्यांनी उमरावांना आणि राजनिष्ठांनी राजाचे नातलग ड्यूक ऑफ ऑर्लेआँ यांना दोष दिला. अशा कोणत्याही कटाचा पुरावा लफेव्र यांना सापडला नाही. केंसेच्या मेस्मेला पुढे चौकशीअंती निर्दोष ठरवण्यात आले. तोवर त्याच्या वाड्याची राख झालेली होती.