‘देवाने जग निर्माण केलं’ आणि ‘जग सहा हजार वर्षांचं आहे’: दोन वेगळी विधानं

१९८१ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने एक कायदा केला. शाळेत उत्क्रांती शिकवायची असेल, तर तेवढ्याच तोलाने ‘सृष्टिविज्ञान’ही शिकवा. त्याविरुद्ध कोर्टात कोण गेलं असेल? नास्तिक किंवा विज्ञानवाले, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात खटल्याला नाव लागलं ते रेव्हरंड विल्यम मॅक्लीन या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) पाळकांचं. वादींच्या यादीत मेथडिस्ट, एपिस्कोपल, आफ्रिकन मेथडिस्ट आणि रोमन कॅथलिक बिशप होते. आकाश आणि पृथ्वीच्या उत्पन्नकर्त्यावर माझा विश्वास आहे, असं उपासनेत म्हणणारी ही माणसं. मग देवाने सृष्टी केली हे शिकवण्याला त्यांची हरकत कशी?

हे कोडं सुटायचं तर दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. एक आहे निर्मितीची शिकवण: जे काही आहे ते देवामुळे आहे. दुसरा आहे सृष्टिवाद, म्हणजे क्रिएशनिझम. त्याच्या आजच्या सर्वांत प्रसिद्ध रूपाचं म्हणणं असं की बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातले निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच, पृथ्वीचं वय सहा ते दहा हजार वर्षं, खडकांचे थर नोहाच्या जलप्रलयात साचलेले आणि उत्क्रांती खोटी. व्हॉट्सअॅपवर बायबलची टर उडवणारे आणि यूट्यूबवर डार्विनला झोडपणारे एरवी एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत, पण ही गल्लत मात्र दोघेही सारख्याच इमानाने करतात.

आर्कान्साच्या कायद्यात ती गल्लत कागदावरच उतरली होती. सृष्टिविज्ञान म्हणजे काय, ते त्यात सहा कलमांत सांगितलं होतं. पहिलं कलम, विश्व, ऊर्जा आणि जीवन शून्यातून एकाएकी निर्माण झालं. पाचवं, पृथ्वीची भूरचना जगभरच्या प्रलयातून समजावून सांगायची. सहावं, पृथ्वी आणि सजीव अलीकडचे आहेत. पहिल्या कलमातला ‘शून्यातून’ हा जुन्या धर्मशास्त्राचा शब्द. पाचवं आणि सहावं विसाव्या शतकातल्या एका चळवळीचं. एकाच मोळीत दोन्ही बांधली होती. शिकागो विद्यापीठाचे धर्मशास्त्रज्ञ लँग्डन गिल्की यांनी कायद्याच्या विरोधात साक्ष दिली, ती याच मुद्द्यावर. ५ जानेवारी १९८२ला न्यायाधीश ओव्हर्टन यांनी कायदा रद्द केला.

आता मागे जाऊ. शून्यातून निर्मिती ही कल्पना ठामपणे मांडणाऱ्यांत दुसऱ्या शतकातला अंत्युखियाचा बिशप थियोफिल येतो. प्लेटोच्या परंपरेत जडद्रव्य अनादी होतं आणि देव त्याला फक्त आकार देणारा. थियोफिलला हे मान्य नव्हतं, कारण द्रव्यही देवाइतकंच अनादी असेल तर देवाचं सर्वश्रेष्ठपण उरत नाही. त्याचा वाद तत्त्वज्ञांशी होता. मजा म्हणजे त्याच ग्रंथात त्याने आदामापासूनची वर्षंही मोजली आणि बेरीज सुमारे ५,७०० काढली. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच पुस्तकात शेजारी बसल्या आहेत.

म्हणूनच ‘तरुण पृथ्वी ही अमेरिकन लोकांनी काढलेली टूम’ असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. सतराव्या शतकापर्यंत बहुतेक ख्रिस्ती विद्वान जगाचं वय काही हजार वर्षंच धरत. वेगळा पुरावा समोर नव्हता आणि बायबलमधल्या वंशावळी हाताशी होत्या. मतभेद होते ते दिवसांवरून. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारलं की सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कोणत्या शहाण्या माणसाने शब्दशः घ्यायची? चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याला असला रूपकार्थ खपत नसे. गवत म्हटलं की मी गवतच समजतो, असं त्याने ठणकावलं. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन तिसऱ्याच वाटेने गेला. देवाने सगळं एका क्षणात केलं, पुढे उगवायचं ते बीजरूपाने त्यात ठेवलं, आणि सहा दिवस ही समजावून सांगायची रचना आहे. आकाश, पृथ्वी, ग्रहताऱ्यांविषयी बाहेरच्यांना चांगलं ठाऊक असतं; तिथे शास्त्राचा हवाला देऊन अडाण्यासारखं बोललात तर पुनरुत्थानाविषयी तुमचं कोण ऐकणार, असा इशाराही त्याने दिला. पण हाच ऑगस्टिन मानवजातीला अजून सहा हजार वर्षंही झाली नाहीत असं मानत होता. त्याला आजच्या कुठल्याच पक्षाने आपला म्हणू नये.

दोन गोष्टींमधली भेग सर्वांत स्वच्छ दिसते ती तेराव्या शतकात, थॉमस अक्वायनस या धर्मशास्त्रज्ञाकडे. जगाला सुरुवात होती हे तो श्रद्धेने मानतो, पण बुद्धीने ते सिद्ध करता येत नाही, असंही बजावतो. ऑगस्टिनकडून आलेला एक दाखला तो देतो. धुळीत एक पाऊल अनादी काळापासून टेकलेलं आहे असं समजा. त्याखालचा ठसाही अनादीच असेल, तरी तो त्या पावलामुळेच आहे. जग अनादी असतं, तरी ते निर्मितच ठरलं असतं. म्हणजे निर्मिती हे अवलंबून असण्याचं नातं आहे, कॅलेंडरवरची तारीख नाही. माझ्या मते या सगळ्या वादातलं सर्वांत मोलाचं पान हेच, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही.

तारीख काढली ती आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी, १६५० साली: इसवी सनपूर्व ४००४, २३ ऑक्टोबर, आणि तीही आदल्या रात्रीपासून. आज हसू येतं, पण त्या काळी हे काम गंभीर विद्वत्तेचं होतं आणि खगोलशास्त्रज्ञ केप्लरही असल्या हिशेबात रमला होता. घोळ झाला तो १७०१पासून, कारण इंग्रजी बायबलच्या समासात या तारखा छापल्या जाऊ लागल्या आणि वाचकांना समासही वचनच वाटू लागला.

एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्राने काळाचा आवाका वाढवला, तेव्हा अनेक कट्टर बायबलनिष्ठांनी फारशी खळखळ न करता तो पचवला. स्कॉटलंडच्या टॉमस चामर्स यांनी उत्पत्तीच्या पहिल्या दोन वचनांमध्ये लांबलचक काळाची फट ठेवली, तर ह्यू मिलर यांनी एकेका दिवसाचं युग केलं. १९२५मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल शिक्षक स्कोप्सवर खटला चालला. त्यात बायबलची बाजू घेणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाही स्कोप्सचे वकील क्लॅरन्स डॅरो यांच्या उलटतपासणीत सांगावं लागलं की ते दिवस चोवीस तासांचेच असतील असं आपण मानत नाही. उत्क्रांतीचा एवढा मोठा विरोधक, पण आजच्या सृष्टिवाद्यांच्या परीक्षेत नापास!

मग सध्याचं रूप आलं कुठून? जॉर्ज मॅक्रेडी प्राइस हे सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचे. सातवा दिवस, म्हणजे शनिवार, विश्रांतीचा म्हणून पाळणाऱ्या या पंथाला पहिले सहा दिवसही अक्षरशः हवे होते, हे समजण्यासारखं आहे. सगळे थर एकाच प्रलयात घालणारं त्यांचं पुस्तक १९२३चं. त्याच मांडणीला १९६१ साली जुन्या कराराचे अभ्यासक जॉन व्हिटकम आणि जलशास्त्राचे अभियंता हेन्री मॉरिस यांनी नवा साज चढवला आणि ती घरोघरी पोचली. सहा हजारांचा आकडा जुनाच होता. तो श्रद्धेची कसोटी झाला आणि विज्ञान म्हणून शाळेत मागितला जाऊ लागला, हे नवं. ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे सजीवांच्या रचनेमागे कुणी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे हा दावा, हा आणखी पुढचा फाटा. त्यात पृथ्वीच्या वयाचा आग्रह नाही, पण २००५मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्यात तोही विज्ञान ठरला नाही.

मराठीत निर्मितीची ही कथा ओव्यांतून आणली फादर थॉमस स्टीफन्स यांनी, गोव्यात, १६१६च्या क्रिस्तपुराणात. पहिल्या पुराणात सृष्टी, आदाम आणि जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्त. तिथे निर्मिती आहे ती पुढच्या तारणकथेचा पाया म्हणून. भूगर्भशास्त्राशी भांडायचा प्रश्नच नव्हता.

समोरचा कशाबद्दल बोलतोय हे ओळखायचं तर एकच प्रश्न विचारा: पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची असली, तर तुमचं म्हणणं कोसळतं का? कोसळत असेल तर तो सृष्टिवाद. अक्वायनसचं कोसळत नाही.

हीच गल्लत उलट्या बाजूनेही होते. विश्वाच्या प्रसरणाचा आणि आद्य अणूचा (आजच्या ‘बिग बँग’चं पूर्वरूप) सिद्धांत मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. नोव्हेंबर १९५१मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या विज्ञानात निर्मितीचा दाखला दिसतो, असं सुचवलं. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत भौतिकशास्त्राचा आहे, उद्या चुकीचाही ठरू शकतो. त्यावर श्रद्धा टेकवू नये, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांसमोर पोप पुन्हा बोलले, तेव्हा त्यांनी हा मुद्दा काढला नाही.