अ‍ॅझटेक की इंका?

आपल्या बटाटा-टोमॅटोच्या रश्श्यात अ‍ॅझटेक आणि इंका, अमेरिका खंडातल्या या दोन्ही जुन्या साम्राज्यांची भूमी आहे. टोमॅटो हा शब्द अ‍ॅझटेकांच्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘तोमात्ल’वरून आला, तर बटाटा पहिल्यांदा पिकवला गेला तो इंकांच्या अँडीज पर्वतात. तरीही ‘अ‍ॅझटेक-इंका’ असं एका दमात म्हटलं जातं, जणू एकाच घरातले भाऊ. एक मेक्सिकोत, दुसरे पेरूत. मधे हजारो किलोमीटर.

अ‍ॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान तळ्यातल्या बेटावर होती. आजची मेक्सिको सिटी तिच्यावरच उभी आहे. जिंकलेल्या नगरांचा कारभार ते बहुधा तिथल्याच राजांवर सोपवत आणि कापड, कोको, पिसं अशी खंडणी घेत. बाजारात कोकोच्या बिया पैशासारख्या चालत.

इंकांकडे पैसा नव्हता. कर म्हणून माणसं श्रम देत: रस्ता बांधायचा, सरकारी शेत कसायचं. हिशेब ठेवायचा तो किपूत, म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांत. एका जाड दोरीला अनेक दोरे लोंबतात. खालच्या टोकाला एकक, त्याच्या वर दशक, त्याच्या वर शतक. शून्य असेल तिथे गाठच नाही, दोरा नुसता मोकळा. लिपी नसताना एवढं मोठं राज्य चाललं, याचं मला आजही नवल वाटतं.

स्पॅनिश लोक आले तेव्हा कारभारातला हाच फरक महत्त्वाचा ठरला. स्पॅनिश सेनानी कोर्तेस १५१९ मध्ये मेक्सिकोत उतरला. त्याला खरं बळ मिळालं ते अ‍ॅझटेकांचे जुने वैरी त्लाक्सकालन आणि खंडणीला कंटाळलेली नगरं यांच्याकडून. त्यांचे हजारो योद्धे त्याच्या बाजूने लढले. त्यांना बाजूला ठेवून ‘मूठभर स्पॅनिशांनी साम्राज्य जिंकलं’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यात देवीच्या रोगाची साथ आली आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोच्तित्लान पडलं.

पेरूत दुसरा स्पॅनिश सेनानी पिसारो याने सरळ राजालाच धरलं. वारसाहक्कावरून भावाभावांत लढाई होऊन देश आधीच पोखरला होता. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्कात, सुमारे १६८ माणसांनिशी, त्याने अताहुआल्पाला कैद केलं. सुटकेसाठी खोलीभर सोनं आणि त्याहून जास्त चांदी देऊनही १५३३ मध्ये अताहुआल्पाला मारलं गेलं. पण इंका तेवढ्यावर संपले नाहीत. विल्काबांबाच्या डोंगराळ रानात त्यांची गादी १५७२ पर्यंत टिकली.