सॉफ्टनर की आरओ? आधी पाणी तपासा, मग यंत्र निवडा

बाथरूमच्या नळांवर पांढरे डाग पडतात म्हणून स्वयंपाकघरात आरओ बसवला जातो. बोअरचं पाणी खारट लागतं म्हणून ड्राय बाल्कनीत सॉफ्टनर येतो. दोन्ही घरांत पैसे जातात आणि तक्रार आहे तिथेच राहते, कारण रोग एक आणि औषध भलत्याच रोगाचं.

सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, त्यांची अदलाबदल करतो. त्याच्या उंच टाकीत रेझिनचे (प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) राईहून बारीक मणी असतात आणि त्यांना सोडियम चिकटलेलं असतं. पाणी मण्यांमधून गेलं की ते कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. पाण्याचा जडपणा जातो, साबणाला फेस येतो, गीझरच्या कॉइलवर थर चढत नाही. पण विरघळलेल्या क्षारांची बेरीज जवळपास तेवढीच राहते. म्हणून खारट पाणी सॉफ्टनरमधून खारटच बाहेर येतं.

आरओ खरोखर काढतो. पंप पाण्याला दाबाने मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलतो. नव्वद टक्क्यांच्या वर क्षार मागे अडतात आणि वाया जाणाऱ्या पाण्याबरोबर मोरीत जातात. मात्र घरगुती आरओ तासाला जेमतेम १० ते १५ लिटर पाणी देतो. अंघोळीची एक बादली भरायलाच दीड-दोन तास लागतील. तो पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी सांभाळतो. नळ, गीझर आणि केस त्याच्या आवाक्यात येत नाहीत.

बहुतेक गोंधळ टीडीएस मीटरमुळे होतो. तो एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, त्यातला जडपणा किती ते सांगत नाही. सॉफ्टनर बसवून मीटर बुडवला आणि आकडा हलला नाही, तर यंत्र बिघडलेलं नाही. जडपणासाठी थेंब मोजायचं वेगळं टेस्ट किट मिळतं, तेच वापरा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत आणि टीडीएस ५०० पर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० आणि २००० ही शेवटची मर्यादा. विक्रेत्याने पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडली आणि पाणी तांबूस झालं, तर घाबरू नका. तो रंग सळीतल्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज नीट वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसतं.

आता मुंबईचं पाणी. भातसा, तानसा, मोडक सागर, विहार अशा सात तलावांचं पाणी मुख्यतः भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होऊन येतं. हे पावसाचं साठवलेलं पाणी आहे; टीडीएस सहसा दीडशेच्या आत आणि जडपणाही कमी. फक्त महापालिकेचंच पाणी येत असेल तर सॉफ्टनर नको आणि आरओही नको. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खाली टीडीएस असलेल्या पाण्यासाठी आरओवर बंदी आणण्याचे निर्देश केंद्राला दिले होते. इथे खरा धोका जुन्या गळक्या पाइपांचा आणि वर्षानुवर्षं न धुतलेल्या टाक्यांचा. त्याला गाळाचा फिल्टर, क्लोरीनच्या वासासाठी कार्बन आणि जंतूंसाठी यूव्ही पुरे. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की गाळाची कॅन्डल लवकर बदलावी लागते. गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश नीट पोचत नाही.

चित्र बदलतं ते टँकर आणि बोअरमुळे. अनेक सोसायट्यांत तळटाकीतच दोन्ही पाणी मिसळतं आणि खाडीजवळच्या बोअरला मचूळपणा असतो. म्हणून एकाच नमुन्यावर निर्णय घेऊ नका. पालिकेचं पाणी येताना थेट लाइनवर, नंतर घरच्या नळाला आणि टँकर आलेल्या दिवशी, असं तीनदा मोजा. सेक्रेटरींना विचारा की बोअर फक्त फ्लशला आहे की वापराच्या टाकीतही सोडतात. घरातल्या खुणाही बोलतात: तूरडाळ शिजायला वेळ लागतो, शॉवरची भोकं बुजतात, नळावरचा पांढरा थर लिंबाच्या रसाने विरघळतो. हा जडपणा. पाणी जिभेला खारट लागतं, तो प्रश्न वेगळा.

सॉफ्टनर घ्यायचा ठरला तर माप असं काढा. चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज ५४० लिटर. फ्लशची लाइन वेगळी असेल तर तेवढं वजा करा. जडपणा ४०० असेल तर रोज २१६ ग्रॅम क्षार अडवायचे. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम धरतं, तेव्हा २५ लिटर रेझिन पाचेक दिवस चालेल. मग मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करायचं, म्हणजे रिजनरेशन. लिटर रेझिनमागे १५० ग्रॅम धरलं तर दर वेळी पावणेचार किलो मीठ, महिन्याला वीस-बावीस किलो. शिवाय प्रत्येक वेळी दीडशे-दोनशे लिटर पाणी मोरीत. त्यासाठी जवळ ड्रेन हवाच. याच हिशोबाने नळाला लावायच्या छोट्या ‘सॉफ्टनर’चं बघा: आत ४०० मिली रेझिन असेल, तर ते २० ग्रॅम धरेल आणि अडीच बादल्यांत संपेल. नुसतं चुंबक बांधून तर जडपणा कमीच होत नाही. किटने आधी-नंतर मोजलं की लगेच कळतं.

मुंबईत सॉफ्टनर सर्वांत जास्त फसतो तो दाबापायी. टाकीपासून दहा मीटर खाली आलं की सुमारे एक बार दाब मिळतो. गच्चीच्या टाकीखालच्या वरच्या मजल्यावर अर्धा बारही मिळणं कठीण, आणि ऑटोमॅटिक व्हॉल्व्हला साधारण दीड बार तरी लागतो. दाब कमी पडला की व्हॉल्व्हमधला इंजेक्टर (बारीक छिद्राचा भाग) डब्यातलं मिठाचं पाणी ओढत नाही. यंत्र नेहमीसारखं आवाज करतं, पण मिठाच्या डब्यातली पातळी खाली जात नाही आणि आठवड्यात डाग परत येतात. अशा घरात आधी प्रेशर पंप लावा. दुसरा शत्रू लोह: बोअरच्या पाण्याने बादली पिवळी-तांबडी होत असेल तर सॉफ्टनरच्या आधी आयर्न फिल्टर हवा, नाहीतर रेझिनवर लोहाचा थर बसून ते निकामी होतं. मीठही स्वच्छ घ्या. मातकट खड्या मिठाने इंजेक्टर चोंदतो.

पाणी जडही आणि खारटही असेल तर दोन्ही यंत्रं लागतात, आणि क्रम ठरलेला आहे: गाळाचा फिल्टर, मग सॉफ्टनर सगळ्या घराला, आणि स्वयंपाकघरात शेवटी आरओ. मऊ पाण्याने मेम्ब्रेनवर कॅल्शियमचा थर बसत नाही. कार्बन फिल्टर मेम्ब्रेनच्या आधी असलाच पाहिजे, कारण क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतो. आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी टाकतो. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून ते लादी पुसायला वापरा, कुंड्यांना नको.

जडपणा १०० ने घटला की पाण्यात लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. ४०० ला ते १८४ होतं. घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर सॉफ्टनरचं पाणी थेट पिऊ नका. प्लंबरला स्वयंपाकघरासाठी किंवा तुळशीसाठी एक नळ सॉफ्टनरच्या आधीच काढायला सांगा, आणि बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी सॉफ्टनर टाळून थेट घरात सोडणारा व्हॉल्व्ह, बसवलाच पाहिजे असं बजावा. विक्रेत्याचे उरलेले पैसे पहिल्या रिजनरेशननंतर, किटने जडपणा मोजूनच द्या.