चुन्याचे बांधकाम

सिमेंट येण्याआधी महाराष्ट्रातले किल्ले, वाडे, घाट आणि देवळे यांच्या बांधकामात दगड-विटा सांधायला चुना वापरत. चुनखडी, किनारपट्टीवर शिंपलेसुद्धा, भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजून कळीचा चुना काढत. कळी पाण्यात पडताच तडकते, फसफसते, पाण्याला आधण येते. याला चुना विरवणे म्हणतात. विरवलेला चुना मुरू देऊन त्यात वाळू किंवा सुरखी (भाजक्या विटांची भुकटी) मिसळत आणि घाण्यात मळत. घाणा म्हणजे गोल चर आणि त्यात बैलाने फिरवायचे दगडी चाक. तिकोना गडावर तो आजही पाहायला मिळतो. मळताना गूळ, बेलफळाचा गर, हिरडा घालायची रीत होती. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात तर भांगेचे तंतू सापडले आहेत.

100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भिंतीतला चुना हवेतून तोच वायू शोषत घट्ट होतो. मात्र एवढ्यावरून चुन्याला प्रदूषणमुक्त ठरवणे चूक आहे. भट्टीच्या जळणाचा हिशेब शिल्लक राहतोच, शिवाय जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत हवा पोचायला फार काळ जातो.

चुन्याचा खरा गुण म्हणजे त्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो. वाडा उतरवताना हातोडीच्या हलक्या ठोक्याने वीट सुटी होते. चिकटलेला चुना खरवडला की ती दुसऱ्या भिंतीत बसते. सिमेंटमधली वीट सांध्याआधी स्वतःच फुटते, मग उरतो तो राडारोडा. पाडकामातून निघालेले साहित्य नव्या घराला वापरायचे, तर त्याचा विचार आधीची भिंत बांधतानाच व्हावा लागतो. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देणे हा तर तिच्यावर अन्यायच: आतली ओल कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

आज चुना घेताना भारतीय मानक 712 मधील वर्ग पाहावा. वर्ग 'क' (इंग्रजीत A) पाण्यातही घट्ट होणारा, पायाला व भिंतीला चालणारा. वर्ग 'ग' (इंग्रजीत C) शुद्ध चुना, तो मुख्यतः गिलाव्याच्या शेवटच्या हातासाठी आणि सफेदीसाठी. कळी ताजीच हवी. उघड्यावर पडून राहिलेली कळी हवेतली ओल आणि वायू पिऊन निकामी होते.