दुभंग ओठ व टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरची चेहऱ्याची वाढ

जन्मतः दुभंगलेले ओठ व टाळू शिवल्यानंतर चेहऱ्याच्या, विशेषतः वरच्या जबड्याच्या वाढीत दिसणारा फरक. साधारणपणे 700 जन्मांमागे एका बालकात दुभंगाचे हे व्यंग आढळते. ओठ बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, तर टाळू पहिल्या वर्षाच्या आगेमागे शिवतात. पाचव्या वर्षी गोंडस दिसणारा चेहरा पंधराव्या वर्षापर्यंत मधोमध बसका होऊ शकतो. खालचा जबडा वाढत राहतो, वरचा मागे पडतो आणि वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या आत चावू लागतात.

ही खोट मुळातच असते की शस्त्रक्रियेने येते, हा वाद जुना आहे. शस्त्रवैद्य गिलीज व दंतवैद्य फ्राय यांनी 1921 च्या सुमारासच प्रचलित शस्त्रक्रियांवर बोट ठेवले होते. वादाला वळण मिळाले ते शस्त्रक्रियाच न झालेल्या प्रौढांच्या अभ्यासाने. मेक्सिकोत ओर्तिस-मोनास्तेरिओ आणि श्रीलंकेत मार्स व ह्यूस्टन (1990) यांनी तो केला. अशा प्रौढांचा वरचा जबडा बऱ्याच अंशी नीट वाढलेला आढळला. ओठ शिवल्याचा परिणाम मुख्यतः पुढच्या दातांच्या हाडापुरता दिसतो. जबड्याला मागे धरून ठेवतो तो कठीण टाळूवरचा (टाळूच्या पुढच्या, हाडाच्या भागावरचा) व्रण. टाळूचे पदर मध्यरेषेकडे ओढून शिवताना दाढांलगतचे हाड उघडे पडते. ते भरून येताना तयार होणारे व्रणाचे घट्ट चिवट पेशीजाल आकसते आणि दातांची कमान आत खेचते. जन्मजात उणीव अजिबात नसते असे नाही. तरीही व्रणाचा वाटा मोठा मानणारे मत अधिक सयुक्तिक वाटते.

म्हणून शस्त्रवैद्य श्वेकेनडीक यांनी जर्मनीत कठीण टाळू बऱ्याच उशिरा शिवण्याची पद्धत राबवली. जबडे चांगले वाढले, पण मुलांच्या बोलण्याला फटका बसला. वाचेसाठी लवकर शिवणे हिताचे, हे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील चाचणीतही दिसले. बोलताना मऊ टाळू (टाळूचा मागचा, मांसल भाग) घशाशी नीट न मिटण्याचा दोष पाचव्या वर्षी, सहाव्या महिन्यात शिवलेल्यांत 8.9 टक्के, तर बाराव्या महिन्यात शिवलेल्यांत 15 टक्के होता.

वाढीचे मोजमाप दातांच्या प्लास्टरच्या ठशांवरून ‘गॉस्लॉन’ या पाच गटांच्या पट्टीने करतात. सुळा येण्यापूर्वी हिरडीच्या फटीत कमरेचे हाड बसवतात. वाढ पूर्ण झाल्यावर गरजेनुसार वरचा जबडा कापून पुढे आणतात. मात्र त्याबरोबर मऊ टाळूही पुढे जाते आणि काहींचा आवाज पुन्हा गेंगाणा होतो.