घरांचे उष्णतारोधन (ब्रिटन)

हिवाळ्यात घरातली ऊब भिंती, छत, खिडक्या आणि फटींवाटे निसटू नये म्हणून केलेली व्यवस्था. रोजच्या बोलण्यात ‘इन्सुलेशन’. खरे काम करते ती कोंडलेली हवा. गोधडीच्या थरांत अडकते तशीच ती काचलोकरीच्या तंतूंत आणि थर्माकोलच्या मण्यांत अडकते, म्हणून उष्णता सहज पार होत नाही.

ब्रिटनमध्ये व्हिक्टोरियन काळातली असंख्य घरे आजही नांदती आहेत. त्यांच्या भिंती नऊ इंची, भरीव विटांच्या. बाहेर 0 आणि आत 20 अंश सेल्सियस असताना अशा 10 चौरस मीटर भिंतीतून सुमारे 400 वॅट उष्णता अखंड बाहेर जाते. रोधक थर नीट बसवला की ती 60 वॅटच्या आसपास येते. म्हणजे एका भिंतीमागे दिवसाला 8 युनिटांचा फरक. 1920 नंतर दुहेरी, मध्ये पोकळी असलेल्या भिंती रूढ झाल्या. त्यांना बाहेरून छिद्रे पाडून पोकळीत लोकर किंवा मणी फुंकतात. मात्र वाऱ्याबरोबर पावसाचा मारा सोसणाऱ्या भिंतींत हेच भरण पाणी आत ओढू शकते.

बाहेरून थर चढवताना तो पेट घेणारा नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेली आग नूतनीकरणात बसवलेल्या बाह्य आवरणावरून पसरली आणि 72 माणसे गेली. 2018 मध्ये इंग्लंडने 18 मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्यावर बंदी घातली.

सुरुवात करावी ती पोटमाळ्यापासून. खर्च कमी, काम सोपे. तुळयांच्या मधे 100 मिमी आणि त्यावर आडवा 170 मिमी असा एकूण 270 मिमी काचलोकरीचा थर तिथे अंथरतात. त्यानंतर माळा थंडगार होतो, म्हणून तिथल्या पाण्याच्या नळांना आणि टाकीलाही गुंडाळावे लागते. टाकीच्या बरोबर खाली मात्र थर घालत नाहीत. खालून येणारी ऊब पाणी गोठू देत नाही.

फटी बुजवल्या की वाफ आत कोंडते. स्वयंपाक, आंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ गार कोपऱ्यांत पाणी होऊन बसते आणि काळी बुरशी धरते. लहान मुलांच्या छातीला ती बाधते. त्यामुळे वळचणीच्या हवेच्या वाटा मोकळ्या ठेवणे आणि न्हाणीघरात पंखा बसवणे हा उष्णतारोधनाच्याच कामाचा भाग धरला जातो.