वर निखारे, खाली निखारे

श्रावणात पुण्याच्या मंडईत हातभर लांबीची तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, दिसली की एक तरी घरी येतंच. ते किसायचं, सुटलेलं पाणी पिळून टाकायचं नाही. त्याच पाण्यात गूळ, ओलं खोबरं आणि भाजलेला तांदळाचा रवा शिजवून धोंडस लावायचं. कोकणातला हा आमचा केक. आजी तो जाड बुडाच्या टोपात करायची. टोपाखाली निखारे, वर झाकणावरही निखारे.

फिलिपिन्समधलं बिबिंगका असंच होतं. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध केळीचं पान लावलेल्या मातीच्या भांड्यात ओतायचं आणि खालीवर निखारे ठेवायचे. पोर्तुगीज 1543 साली जपानला पोहोचले, त्यांच्यामागून नागासाकीत कास्तेला केक रुजला. तोही पूर्वी झाकणावर कोळसे ठेवून भाजत.

वरचे निखारे कशासाठी? घट्ट मिश्रणातून उष्णता फार हळू सरकते. नुसती खालून आच दिली तर ती वर पोहोचेपर्यंत बूड करपतं. शिवाय वरच्या थरातून वाफ निघत असते आणि ती उष्णता घेऊन जाते. पाणी आहे तोवर तो थर 100 अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही, आणि खमंग तांबूस रंग यायला साधारण 140 अंश लागतात. वरचं तापलेलं झाकण किरणांवाटे थेट पृष्ठभागावर उष्णता फेकतं. तो थर कोरडा होतो, मग रंग धरतो.

या किरणांचा हिशोब मला फार आवडतो. ती उष्णता निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अंशांत 273 मिळवून येणाऱ्या) चौथ्या घातानुसार वाढते. म्हणजे झाकण 227 अंशांवरून 327 अंशांवर गेलं की ते दुपटीहून जास्त उष्णता फेकू लागतं. आजी म्हणायची, “निखाऱ्यांवर राख धरू दे गं, मग ठेव.” राखेच्या थराने आच मंदावते. चौथा घात तिला ठाऊक नव्हता, पण तिचं धोंडस कधी करपलं नाही.

आतलं काम निराळं. तवशात सुमारे 95 टक्के पाणी. ते पिऊन रव्यातला स्टार्च फुगतो आणि वडी धरते. गूळ पाणी धरून ठेवतो, म्हणून धोंडस दुसऱ्या दिवशीही मऊ लागतं. कास्तेलात यीस्ट नाही, सोडा नाही. फेटलेल्या अंड्यातली हवाच त्याला फुलवते. भाजता भाजता मिश्रण ढवळून मोठे बुडबुडे फोडतात, म्हणून त्याची जाळी इतकी बारीक.

गोव्याच्या बेबिंकाला मुख्य आच वरूनच. एक थर भाजला की त्यावर दुसरा ओतायचा. भाजलेला थर खालच्यांना आचेपासून जपतो. जर्मनीतला बाउमकुखेन केक फिरत्या दांड्यावर असाच थरावर थर चढत वाढतो. कार्ल युखहाइम या जर्मन युद्धकैद्याने तो 1919 साली हिरोशिमातल्या प्रदर्शनात मांडला. ते प्रदर्शन भरलं त्या इमारतीचा सांगाडा आज अणुबॉम्बची आठवण म्हणून जपलेला आहे. हे वाचल्यापासून त्या केकचा फोटो पाहिला तरी पोटात कालवतं.

माझ्या फ्लॅटमध्ये निखारे कुठले! ओव्हनच्या वरच्या-खालच्या दोन्ही सळ्या चालू ठेवते. तळाला हळदीचं पान. शेवटची दहा मिनिटं फक्त वरची सळी, आणि तेवढा वेळ मी काचेसमोरून हलत नाही.